शेऱ्याचा रकाना

मसाल्याच्या एका मोठ्या कंपनीत मी सहा वर्षं नोकरी केली, पण मसाल्याशी माझा काही संबंध नव्हता. कंपनी वसमतच्या मोंढ्यातून, म्हणजे तिथल्या घाऊक बाजारातून, हळद घ्यायची, आणि ज्या गावांतून ती हळद यायची त्या गावांसाठी काहीतरी करावं म्हणून तिनं एक वेगळा विभाग काढला होता. 'सामाजिक दायित्व' असं त्याचं नाव. गावातल्या बायांना ते नाव सांगताना पहिले काही महिने माझीच जीभ अडखळायची. शेवटी मी 'कंपनीची शाळेची आन् झाडांची बाई' एवढंच सांगू लागले, आणि ते सगळ्यांना बराबर कळलं.

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. हिंगोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. म्हातारी माणसं अजून पत्ता सांगताना परभणीच सांगायची. मुलाखतीला पुण्याचे साहेब आले होते. त्यांनी मला शिक्षणाबद्दल काहीच विचारलं नाही. म्हणाले, "हळद शिजली हे कसं ओळखतात?" मी म्हटलं, "कढईवरचा वास बदलतो साहेब. आणि काडी खुपसली की आरपार जाते." ते हसले, आणि नोकरी मला मिळाली.

माझं गाव हट्ट्याजवळचं, घर हळद पिकवणारं. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच. नव्वदच्या सुमारास पुढं शिकायचं म्हणजे सकाळच्या एसटीनं वसमतला जायचं, आणि एसटी थांबायची ओढ्याच्या पलीकडं. माझ्या वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. त्यांनी घरातल्या बाकीच्यांचं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि मला आठवीला घातलं. पावसाळ्यात ओढ्याला पाणी असलं की आमच्या शेतात कामाला येणारी एक बाई माझं दप्तर डोक्यावर घेऊन मला पलीकडं पोचवायची. तेव्हा ती नुकतीच लग्न होऊन गावात आलेली, माझ्याहून फार तर सात-आठ वर्षांनी मोठी. गावाच्या पूर्वेला विहाराजवळ तिचं घर. मी तिला मावशी म्हणायचे. ती स्वतः शाळेत गेलेली नव्हती, पण माझी परीक्षा कधी आहे हे तिला माझ्या आईपेक्षा जास्त ठाऊक असायचं.

हळदीचा हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो. काढणी, मग मधले गड्डे आणि त्यांना फुटलेली बोटं वेगळी करणं, मग मोठ्या कढईत शिजवणं, मग खळ्यावर वाळवणं. एप्रिलपर्यंत गावात कुणाला मान वर करायला फुरसत नसते, आणि शाळेची शेवटची परीक्षा नेमकी याच दिवसांत येते. माझ्या शाळेच्या वर्षांत अण्णांनी मला एक दिवससुद्धा खळ्यावर बोलावलं नाही. कामाला येणाऱ्या बायांची लेकरं मात्र त्यांच्याबरोबर यायची, सावलीला बसून गड्डे तोडायची. ते मी रोज बघत होते. त्यात बघण्यासारखं काही आहे असं मला वाटत नव्हतं.

कंपनीनं आमच्या भागातली काही गावं निवडली, आणि त्यात माझंही गाव आलं तेव्हा मला फार अभिमान वाटला. कामं दोन होती. एक शेतीचं. कढईखाली जळण भयंकर लागायचं. ओढ्याकाठच्या बाभळी त्या कढयांनीच संपवत आणल्या होत्या. म्हणून कंपनी शेतकऱ्यांच्या गटाला वाफेवर हळद शिजवणारा कुकर देणार होती, आणि गटानं त्या बदल्यात बांधावर झाडं लावून जगवायची होती. दुसरं काम शाळेचं. वसमतला कंपनीनं मुलींसाठी वसतिगृह सुरू केलं होतं. दरवर्षी प्रत्येक गावातून सातवी झालेली एक मुलगी तिथं जाणार, दहावीपर्यंत तिचं राहणं, जेवण, शाळा सगळं कंपनी बघणार.

गावासाठी अट एकच होती. हळदीच्या कामावर लेकरू दिसता कामा नये. परदेशातलं गिऱ्हाईक हे विचारतं, असं साहेब सांगायचे. पहिल्याच वर्षी आम्ही शाळेच्या भिंतीवर 'बालमजुरीमुक्त गाव' अशी अक्षरं रंगवून घेतली. रंगाऱ्यामागं उभी राहून ती सरळ येतायत ना हे मीच बघितलं. आमच्या गावच्या गटाचे अध्यक्ष अण्णा होते. कुकर तिसऱ्या हंगामाला आमच्याच खळ्यावर बसणार होता.

दुसऱ्या वर्षी मावशीची मुलगी सातवीत होती.

पंधरा दिवसांतून एकदा मी वसमतहून गावच्या शाळेत जायचे. मुलांना झाडांबद्दल, पाण्याबद्दल काहीबाही सांगायचे. बाकीची पोरं 'हो मॅडम' म्हणून मोकळी व्हायची. ही खिडकीजवळ बसायची आणि प्रश्न विचारायची. एकदा मी कुकरचं चित्र दाखवलं तर म्हणाली, "मॅडम, याच्यातून जी वाफ भाईर जाते, तिचं काय करत्यात?"

"काही नाही करत. सोडून देतात."

"मंग ती बी वायाच गेली की."

मी घरी येऊन अण्णांना हे सांगितलं. अण्णा म्हणाले, "आईवर गेलीय पोरगी. आई बी लई विचारते."

जानेवारीत मावशी मला शाळेच्या फाटकाशी भेटली. डोक्यावरचा भारा खाली ठेवून म्हणाली, "ताई, वसमतच्या त्या बोर्डिंगात माझं लेकरू बसंल का?"

"परीक्षा आहे मावशी. चांगली दिली तर का नाही बसणार?"

"ती दील. तारीख मातर मला आठवनीनं सांगा. माझं ध्यान कामात आसतंय."

तिचा नवरा वर्षातले बरेच महिने बांधकामावर बाहेरगावी असायचा. घरी ती, मुलगी आणि थकलेली सासू. ती रोजानं कामाला जायची, आणि हंगामात मुलगीही तिच्याबरोबर जायची. हे मला माहीत होतं. कारण त्या दोघी कामाला जायच्या ते आमच्याच खळ्यावर. हंगामात एका रविवारी मी घरी गेले तेव्हा मुलगी गड्ड्यांच्या ढिगापाशी बसली होती. माझ्या आईनं तिला चहा दिला, कोनाड्यातल्या वेगळ्या कपात. मी तिला विचारलं, "अभ्यास झाला का?" ती म्हणाली, "करून राहिले मॅडम." मी पुढं गेले. माझ्या पिशवीत तेव्हा गावांचे अहवाल होते.

निवडीची परीक्षा हट्ट्याच्या शाळेत झाली, रविवारी सकाळी. आसपासच्या गावांतून मुली आल्या होत्या, बहुतेक वडिलांच्या सायकलवरून, दोघी-तिघी बैलगाडीतून. ही आईबरोबर चालत आली. तिचे हात मनगटापर्यंत पिवळे होते.

मी घाबरले. साहेब थोड्याच वेळात पोचणार होते. तिला बाजूला घेऊन म्हटलं, "जा, नळावर हात धुऊन ये."

ती गेली, आली. हात तसेच. पुन्हा पाठवलं. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "निघत न्हाई मॅडम. कच्च्या हळदीचा हाय, आठ दिस तरी ऱ्हातो."

"मग हात बाकाखाली ठेव. लिहायचा तेवढा वर."

साहेब वर्गातून फिरून गेले. तिनं डावा हात मांडीवर दाबून धरून सगळा पेपर लिहिला.

पेपर आम्ही वसमतच्या कार्यालयात तपासले, मी आणि दोन शिक्षक. निबंधाचा विषय होता, आपला परिसर आपण कसा राखू. सगळ्या मुलींनी झाडे लावा, पाणी वाचवा असंच लिहिलं होतं. ते आम्हीच शिकवलेलं. तिनं लिहिलं होतं की कढईला सकाळपासून दुपारपर्यंत किती जळण लागतं हे ती जवळ बसून बघते. आमच्या ओढ्याच्या कोणत्या वळणावर किती बाभळी होत्या आणि आता कोणत्या उरल्या, हे तिनं आजीला विचारून लिहिलं होतं. बाभळी गेल्यामुळं विहाराकडच्या बायांना सरपणाला किती लांब जावं लागतं, आणि कुकर आला की तो एकाच खळ्यावर न ठेवता सगळ्यांच्या कामी यावा, असंही तिनं लिहिलं होतं. त्या शिक्षकांपैकी एकजण म्हणाले, "हे पोरगं कुणाचं हो?" गणितातही तिचं एकच उदाहरण चुकलं होतं. सगळ्या गावांतून ती पहिली आली.

पेपर वाचताना मला आनंद झाला, आणि लगेच दुसरी गोष्ट लक्षात आली. ती कढईजवळ बसते, हे तिनं स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं होतं.

निवडीचा फॉर्म मी भरायचा होता. नाव, गाव, परीक्षेचे गुण, सातवीच्या वर्षाची हजेरी आणि शेवटी शेरा. हजेरी पंचाहत्तर टक्के हवी, असा नियम. मुख्याध्यापकांनी हजेरीपट माझ्यापुढं ठेवला. जानेवारीपर्यंत ती जवळजवळ रोज हजर. फेब्रुवारी, मार्चच्या पानांवर तिच्या नावापुढं 'गै', 'गै', 'गै'. एकूण हजेरी थोडी कमी पडत होती. अगदी थोडी. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, शेऱ्यात कारण लिहा. कंपनी माणसांचीच आहे, समजून घेतील."

कारण लिहायचं म्हणजे काय लिहायचं? ती हळदीच्या कामावर होती. कुठल्या गावात? ज्या गावाच्या भिंतीवर मी अक्षरं रंगवून घेतली त्या. कुणाच्या खळ्यावर? गटाच्या अध्यक्षाच्या.

मी फॉर्म घेऊन घरी गेले. अण्णा ओट्यावर बसून पोत्यांना दोरी ओवत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी दोरी खाली ठेवली.

"ते लेकरू आईसंगं येतंय. मी काय हाकलून देऊ का त्याला?"

"हाकलून द्या असं कुठं म्हणतेय मी? पण हे लिहिलं तर कुकर जाईल अण्णा. गटच रद्द होईल."

"जाईल तर जाईल. गटातल्या लोकायला तकलीफ व्हईल, ती खरी." दोरी पुन्हा हातात घेऊन ते म्हणाले, "तुला लिवायचं तर लिव. मी तुला आडवून न्हाई राहिलो."

हे वाक्य मला नंतर फार वर्षं बोचत राहिलं. कारण अण्णांनी मला अडवलं असतं तर आज मला त्यांच्यावर ढकलता आलं असतं.

मी तीन दिवस फॉर्म पिशवीत घेऊन फिरले. कुकर गेला तर गाव काय म्हणेल, याचा विचार केला. नोकरी जाईल का, याचाही केला. स्वतःच्या बापाचं नाव स्वतःच्या हातानं लिहून पुण्याला पाठवायचं, हे तर मला सोसवतच नव्हतं. शेवटी मी हजेरीचा आकडा खरा तो लिहिला आणि शेऱ्याचा रकाना रिकामा ठेवला. खोटं काहीच लिहिलेलं नव्हतं, अशी मी माझी समजूत घातली. जागा दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या आमच्याच गावच्या मुलीला मिळाली. तीही चांगली मुलगी होती, मेहनती होती. पुढं शिकून ती परिचारिका झाली. तिचा यात काही दोष नाही.

निकाल लागल्यावर मावशी मुलीला घेऊन आमच्या घरी आली. दुपारची वेळ. अण्णा आत जेवत होते. मी ओट्यावर उभी होते, त्या दोघी खाली अंगणात.

"ताई, यादीत नाव न्हाई म्हनत्यात. काय झालं?"

मी सांगू शकले असते. हजेरी कमी पडली, एवढं तरी. पण हजेरी म्हटलं की तिनं पुढं विचारलंच असतं, आणि उत्तर आमच्या अंगणापासून हाकेच्या अंतरावर, खळ्यावर वाळत पडलेलं होतं. माझ्या तोंडातून निघून गेलं, "मार्क थोडे कमी पडले मावशी."

मावशीनं मुलीकडं बघितलं. मुलगी माझ्याकडं बघत होती. तिनं प्रश्नपत्रिका घरी नेऊन शिक्षकांकडून सगळी उत्तरं तपासून घेतली होती, हे मला नंतर कळलं. तिला माहीत होतं. तिनं तोंड उघडलं, आणि मिटलं.

"थोडे म्हंजी किती?" मावशीनं विचारलं.

"थोडेच."

"बरं," ती म्हणाली. "तुमचं काय चुकलं ताई, तारीख तर तुमी आठवनीनं सांगितली व्हती." आणि त्या दोघी गेल्या.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर साहेब आढाव्याला आले. कार्यालयात बसून त्यांनी यादी वाचली आणि विचारलं, "पहिली आलेली मुलगी वसतिगृहात का नाही?"

"हजेरी कमी होती साहेब."

"किती कमी?" त्यांनी आकडा बघितला. "एवढ्यासाठी? आजारी होती का?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"हळदीच्या कामाला जात होती?"

मी होकारार्थी मान हलवली.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. रागावले नाहीत. म्हणाले, "मग शेऱ्यात लिहायचं ना. हा रकाना आपण कशासाठी ठेवलाय? हंगामात ज्या मुलींची शाळा बुडते त्यांच्यासाठीच तर हे वसतिगृह काढलं. कामावर जाणारी मुलगी सापडली तर तिला शाळेत घालायचं, तिलाच गाळायचं का?"

"मला वाटलं गावाचा कुकर काढून घेतील."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

कुणीच सांगितलं नव्हतं. विचारलंच नव्हतं मी. कुणाच्या खळ्यावर, असं त्यांनी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. जाताना ते म्हणाले, "वसतिगृहात एक खाट वाढवता येईल. या आठवड्यात तिला घेऊन या. मी पत्र देतो."

ते पत्र पिशवीत घालून मी दुसऱ्याच दिवशी पहिल्या एसटीनं गावी गेले. मावशीच्या घराला कुलूप होतं. शेजारची म्हातारी म्हणाली, "गेले की ते. सासू वारली त्याच्यानंतर तिच्या मालकानं बोलावून घेतलं दोघीला. बांधकामावर. आठ दिस झाले."

"कुठं?"

"पुन्याकडं म्हनत्यात. गाव काय माहीत न्हाई माय."

मी विहारात विचारलं, शाळेत विचारलं, त्यांच्या भावकीत विचारलं. कुणापाशी पत्ता नव्हता. पुढं वर्षभर मी जो कुणी पुण्याला जाईल त्याला सांगायचे. त्या शोधाला काही अर्थ नव्हता, पण मी तो करत होते असं निदान म्हणता यायचं.

कुकर पुढच्या हंगामात आला. हार घातला, फोटो निघाले, अण्णांनी भाषण केलं. धूर खरोखर कमी झाला. गटानं लावलेली बरीचशी झाडं जगली. एका वर्षी कंपनीनं आमच्या गावाला आदर्श म्हणून दुसऱ्या गावांना दाखवलं. चार-पाच वर्षांनी कंपनीचं धोरण बदललं, वसतिगृह एका संस्थेकडं गेलं, आमचं कार्यालय बंद झालं. अहवाल, पेपर, फॉर्म सगळं रद्दीत गेलं. मी हिंगोलीला एका शाळेत शिक्षिका म्हणून लागले, लग्न झालं. त्या मुलीची आठवण व्हायची ती हंगामात, आणि परीक्षेच्या दिवसांत. हे दोन्ही दरवर्षी येतात.

त्यानंतर एका उन्हाळ्यात नांदेडहून परत येताना मी वारंगा फाट्यावर गाडी बदलायला उतरले. हिंगोलीची गाडी यायला वेळ होता. रस्त्याकडेला रसवंती होती, तिच्या छपराखाली जाऊन उभी राहिले. चरकावरची बाई म्हणाली, "मॅडम, वळखलं का?"

मी ओळखलं नव्हतं. तिनं आईचं नाव घेतलं, तेव्हा ओळखलं.

ती आता विशीची असेल. खाली पोत्यावर दीड-दोन वर्षांची मुलगी खेळत होती. तिनं मला बाकावर बसवलं, रस दिला. तिचं बोलणं मोकळं होतं, हसरं होतं. पुण्याला बांधकामावर राहिले, मग वडील परांचीवरून पडले, मग परत आलो, मग लग्न झालं. नवरा ऊस आणायला गेला होता.

"आणि शाळा?" मी विचारलं.

"एक वरीस गेले तिकडं. मंग सुटली." ती चरकात ऊस घालत म्हणाली, "तसं बी मला कुठं येत व्हतं मॅडम? त्या परीक्षेत न्हाई का मी मागं पडले. मला तवा उगाच वाटायचं की सगळं बराबर लिवलंय म्हून."

मी म्हटलं, "तू मागं पडली नव्हतीस. तू पहिली आली होतीस. सगळ्या गावांतून."

तिनं इंजीन बंद केलं. एकदम सगळं शांत झालं. रस्त्यावरच्या ट्रकचा आवाज तेवढा येत होता.

"काय म्हनल्या?"

मी सगळं सांगितलं. हजेरीपट, शेरा, कुकर, अण्णा, अंगणात मी जे बोलले ते, आणि नंतर आणलेलं पत्र. काही लपवलं नाही. मधे एक गिऱ्हाईक आलं, तिनं त्याला थांबा म्हणून सांगितलं. तो निघून गेला.

"मंग तवाच काहून न्हाई सांगितलं?" ती म्हणाली.

मी रसाचा पेला बाकावर ठेवला.

"माझा पेपर हाय का?"

"नाही. रद्दीत गेला."

तिनं पोरीला उचलून कडेवर घेतलं. बराच वेळ पाठ करून उभी राहिली. मी म्हटलं, आता बाहेरून दहावीला बसता येतं, सतरा नंबरचा फॉर्म असतो, मी आणून भरून देते, पुस्तकंही देते. ती वळली. डोळे कोरडे होते.

"भरायचा आसंल तर मी भरीन मॅडम. तुमी नका भरू." मग थोडं थांबून, "माझ्या आईला सांगा. ती वसमतला ऱ्हाती, मोंढ्यात एका आडतीवर हळद निवडाया जाती. मला सांगून काय? तिला सांगा."

मी लगेच गेले असं लिहायला मला आवडलं असतं. मी अडीच महिने लावले. शाळेची कामं होती, घरी पाहुणे होते. कारणं शोधली की सापडतात. शेवटी एका शनिवारी वसमतला उतरले आणि विचारत विचारत त्या आडतीवर पोचले. जेवणाची सुट्टी झाली होती. पत्र्याच्या सावलीत बाया भाकरीची फडकी सोडून बसल्या होत्या. मावशी एका कडेला होती. केस पांढरे झालेले, पाठ वाकलेली. पन्नाशी लांब होती अजून तिची. मला बघून तिनं घाईघाईनं हात पुसले.

"ताई! तुमी इकडं कसं काय?"

मी तिच्याजवळ बसले आणि सांगितलं. आडवळण न घेता सांगितलं. तिच्या मुलीचे मार्क कमी पडले नव्हते, मी खोटं बोलले होते, आणि का बोलले होते. माफी मागितली. ती भाकरीकडं बघत ऐकत होती.

"हजेरी म्हंजी, तुमच्या खळ्यावर आली ते दिस?"

"हो."

"व्हय का," ती म्हणाली. शेजारच्या बायांचं बोलणं चालू होतं, कुणीतरी लोणचं पुढं केलं, तिनं हातानं नको म्हटलं. मग हळू आवाजात म्हणाली, "म्या तिला मारलं व्हतं त्या दिशी. घरी नेऊन. लई मारलं."

मी तिच्याकडं बघू शकले नाही.

"ती म्हनत व्हती, आई, मी सगळं सोडवलंय, मी बराबर लिवलंय. म्या म्हनलं, मंग मॅडम काय खोटं बोलत्यात का?" तिनं पदर तोंडाला लावला. "आन् त्याच्यावर लेकरू गप झालं. पुन्ना कदी त्या परीक्षेचं बोललं न्हाई."

मी तिच्या हातावर हात ठेवला. तिनं तो काढून घेतला नाही, धरलाही नाही.

"तिला सांगितलं का तुमी?"

"सांगितलं."

"काय म्हनली?"

"म्हणाली, आईला सांगा."

आडतीतून मुकादमाची हाक आली. बाया उठल्या. मावशीनं उरलेली भाकरी फडक्यात बांधली, गुडघ्यावर हात टेकून उभी राहिली आणि आत जाताना मला म्हणाली, "रविवारी सुट्टी आसती मला. वारंग्याला जाते मी." मी बरोबर येऊ का, असं विचारलं. ती नको म्हणाली.